चष्मा उतरविण्यापूर्वी : लेसर शस्त्रक्रियेचे लाभ आणि धोके

बैतूल, मुलताई, पांढुर्णा, सौंसर या पट्ट्यातील आमच्या वाचकांना भोपाळ हे काही परके शहर नव्हे. मोठे दुखणे आले की आगगाडीत बसून एक तर नागपूर गाठावयाचे, नाही तर भोपाळ, ही तेथील घराघरांतील रीत आहे. अलीकडे मात्र भोपाळची वाट धरणाऱ्यांत एक नवा वर्ग दिसू लागला आहे. त्यांना दुखणे असे काही नसते. वीस-बावीस वर्षांचा धडधाकट मुलगा किंवा लग्नाला आलेली मुलगी आणि बरोबर आईवडील, अशी ही मंडळी असतात. मुलाला भरतीस उतरावयाचे असते. मुलीला पाहावयास आलेल्यांनी तिच्या चष्म्यावर बोट ठेवलेले असते. शहरात लेसरने चष्मा घालवितात असे कोणाकडून तरी कानावर आलेले असते. मग जाण्यापूर्वी ते आम्हांला विचारतात, "फादर, हे ऑपरेशन करावे की नाही?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. आम्ही वैद्य नव्हे, आणि प्रत्येकाच्या डोळ्याचा निकाल त्याचा डोळा तपासणाऱ्यानेच द्यावयाचा असतो. तथापि जाणत्या नेत्रवैद्यांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे नोंदवून ठेवले आहे, त्यावरून एवढे निश्चित सांगता येते की, ही शस्त्रक्रिया बहुतेकांना लाभते, पण ती प्रत्येक डोळ्याला मानवत नाही. कोणाला मानवेल आणि कोणाला नाही, हे टेबलावर निजल्यानंतर ठरत नसते. ते आधीच्या तपासणीत ठरते. म्हणून ज्या दिवशी शस्त्रक्रिया होते त्या दिवसापेक्षा ज्या दिवशी तपासणी होते तो दिवस अधिक महत्त्वाचा समजावा. आजच्या लेखात आम्ही हेच जरा विस्ताराने सांगणार आहोत.

डोळ्यात नेमके काय करतात?

घड्याळाच्या तबकडीवर जशी काच असते, तसा आपल्या बुबुळावर एक पारदर्शक, किंचित फुगीर पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. डॉक्टर मंडळी त्यालाच कॉर्निया म्हणतात. बाहेरून आलेला प्रकाश प्रथम येथे वाकतो, पुढे आतील भिंगात आणखी वाकतो आणि डोळ्याच्या मागील दृष्टिपटलावर एकत्र होतो. प्रकाश वाकविण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम एकटे पारपटल करते.

ज्यांना दूरचे दिसत नाही, म्हणजे ज्यांचा नंबर उणे असतो, त्यांचा नेत्रगोल बहुधा प्रमाणापेक्षा लांब असतो. त्यामुळे प्रकाश दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र होतो आणि फळ्यावरील अक्षरे पुसट दिसतात. चष्म्याचे भिंग ही चूक डोळ्याबाहेर दुरुस्त करते. लेसर शस्त्रक्रिया तीच दुरुस्ती खुद्द पारपटलावर करते. पारपटलाच्या मध्यभागाचा अगदी पातळ थर काढून तेथील फुगवटा कमी केला जातो, आणि प्रकाश योग्य जागी जाऊन पडतो.

ही दुरुस्ती करण्याच्या आज मुख्यतः तीन पद्धती आहेत. पहिलीत पारपटलावरील नाजूक त्वचा बाजूला करून वरूनच लेसर चालवितात, हिला पी. आर. के. म्हणतात. त्वचा पुन्हा भरून येईपर्यंत तीन-चार दिवस डोळा चांगलाच ठणकतो आणि नजर स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. दुसरी लॅसिक. हिच्यात पारपटलाचा एक पातळ पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानाप्रमाणे उलटतात, खालच्या थरावर लेसर चालवितात आणि पान पुन्हा मिटवितात. वेदना थोडी होते व दुसऱ्याच दिवशी पुष्कळ दिसू लागते. म्हणूनच ही पद्धत लोकप्रिय झाली. तिसरी स्माइल. हिच्यात पापुद्रा उलटीत नाहीत. पारपटलाच्या पोटातच लेसरने एक भिंगाच्या आकाराची चकती सुटी करतात आणि दोन-चार मिलिमीटरच्या छेदातून ती ओढून काढतात. तिन्हींत रोग्याला भूल देऊन निजवीत नाहीत. डोळ्यात बधिर करणारे थेंब घालतात आणि काम काही मिनिटांत आटोपते.

येथे एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत खराब झालेले भिंग काढतात. येथे मात्र निरोगी पारपटलाचा अंश काढला जातो, आणि काढलेला अंश परत येत नाही. चष्मा आवडला नाही तर बदलता येतो. ही शस्त्रक्रिया माघारी फिरविता येत नाही.

ही विद्या कोठून आली?

पारपटलाचा आकार बदलून नंबर घालविण्याची कल्पना जुनी आहे. जपानात सातो नावाच्या नेत्रवैद्यांनी १९३० ते १९५० च्या दशकांत पारपटलाला आतून-बाहेरून बारीक छेद देऊन पाहिले. प्रारंभी नजर सुधारली. पण पारपटलाच्या आतील बाजूस पेशींचा एक थर असतो आणि तोच पारपटलाला पाणी शोषून सुजण्यापासून वाचवितो, ही गोष्ट तेव्हा नीट उमगलेली नव्हती. पुढे वर्षे लोटली तशी त्यांतील पुष्कळांची पारपटले सुजून धूसर झाली. नंतर १९७० च्या दशकात मॉस्कोचे डॉ. फ्योदोरोव यांनी केवळ बाहेरून किरणांसारखे छेद देण्याची पद्धत प्रचारात आणली. तीही जगभर पसरली. अमेरिकेत अशा रोग्यांचा दहा वर्षे माग घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा असे दिसले की, शंभरांतील ४३ डोळ्यांचा नंबर हळूहळू उलट दिशेला, म्हणजे अधिककडे, एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्त सरकला होता.

लेसरच्या या उपयोगाच्या शोधात आपल्या देशात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा हात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात सणाच्या जेवणातील उरलेल्या टर्की पक्ष्याच्या कूर्चेवर त्यांनी अतिनील किरणांचा एक्सायमर लेसर चालवून पाहिला. भोवतालचा भाग मुळीच न भाजता अत्यंत रेखीव काप पडला. १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांनी त्यांच्याबरोबर हेच तंत्र पारपटलावर अजमावले. ग्रीसमधील क्रीट बेटावरील डॉ. पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास लॅसिकची रीत बसविली, आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पी. आर. के. साठी लेसरला पहिली मान्यता दिली. तेथून ही विद्या आपल्याकडे आली व आता भोपाळसारख्या शहरांत पोहोचली आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, पारपटलावर केलेल्या कामाची परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या नजरेवरून होत नाही. आजचे लेसर जुन्या छेदांपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे आणि त्याचा अनुभव तीन दशकांहून अधिक जुना आहे. तरी पण वर्षांच्या हिशेबाने विचार करण्याची सवय आपण सोडू नये.

लाभ किती?

प्रथम जमेची बाजू पाहू. योग्य निवड केलेल्या रोग्यांपैकी फार मोठ्या संख्येस चष्म्यावाचून वाहन चालविण्याइतके, शेतातील व कारखान्यातील कामे करण्याइतके स्पष्ट दिसू लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तेथील राष्ट्रीय नेत्रसंस्था व संरक्षण खाते यांच्याबरोबर लॅसिक केलेल्यांची एक काळजीपूर्वक पाहणी केली. तीत नौदलातील २६२ आणि नागरी जीवनातील ३१२ व्यक्ती होत्या. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. आपल्या नजरेबद्दल असमाधानी असलेले लोक शंभरांत १ ते ४ च निघाले; म्हणजे ९५ हून अधिक समाधानी होते. ही थोडी गोष्ट नव्हे.

पण त्याच पाहणीत दुसरीही बाजू दिसली. ज्यांना आधी दिव्याभोवती वलये दिसणे, प्रकाश फाकणे, एकाची दोन दिसणे असा कोणताच त्रास नव्हता, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना, एका गटात ४३ तर दुसऱ्यात ४६ टक्के लोकांना, तीन महिन्यांनी यांपैकी एखादा तरी नवा त्रास जाणवत होता. ज्यांचे डोळे आधी कोरडे नव्हते अशांपैकी सुमारे २८ टक्के लोकांना कोरडेपणाची लक्षणे नव्याने सुरू झाली होती. या त्रासामुळे नित्याच्या कामांत फारच अडचण येते असे म्हणणारे एक टक्क्याहूनही कमी होते. आणि ज्यांना हे त्रास आधीपासून होते त्यांतील कित्येकांचे ते उलट कमी झाले. म्हणजे बहुतेक लोक समाधानी होतात हे जसे खरे, तसे पुष्कळांना काही ना काही नवी कुरकुर मागे लागते, हेही खरे. दोन्ही विधाने एकाच पाहणीतील आहेत. ज्याला पहिलेच सांगितले जाते आणि दुसरे सांगितले जात नाही, त्याची संमती अपुऱ्या माहितीवर घेतलेली असते.

भोपाळने शिकविलेला धडा

डोळ्यांच्या कोरडेपणाचे ऐकून कोणी म्हणेल, "त्यात काय मोठेसे? थेंब घातले की झाले." अशांना आम्ही भोपाळचीच आठवण देऊ.

१९८४ साली २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. ओलाव्याशी गाठ पडताच हा वायू दाहक होतो. म्हणून त्याने माणसाच्या फुप्फुसांवर आणि डोळ्यांवर प्रथम घाला घातला. कोणीतरी मिरच्या जाळल्या की काय, असे झोपेतून उठलेल्या लोकांना वाटले. सकाळपर्यंत हमीदिया रुग्णालयासमोर सुजलेल्या, मिटलेल्या, पाणी गळणाऱ्या डोळ्यांच्या हजारो माणसांची रीघ लागली. पारपटलाची वरची त्वचा सोलवटून गेलेली होती, आणि शहरातील अर्धे लोक आंधळे होतात की काय, अशी भीती पसरली होती.

तसे झाले नाही. पारपटलाच्या वरच्या त्वचेत पुन्हा भरून येण्याची विलक्षण शक्ती असते. पुष्कळांच्या जखमा काही दिवसांतच भरल्या व नजर परत आली. परंतु त्यानंतर झालेल्या पाहण्यांत, तीन वर्षांनंतरच्या पाहणीतसुद्धा, वायूच्या तडाख्यात सापडलेल्यांपैकी अनेकांचे डोळे अजून गळत होते, चुरचुरत होते, पापण्यांना वारंवार संसर्ग होत होता. फळ्यावरील अक्षरे वाचता येत होती. डोळ्यांना सुख मात्र नव्हते.

कारखान्यातील तो भीषण अपघात आणि मोजूनमापून केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना करणे अन्यायाचे होईल. तशी तुलना आम्ही करीतही नाही. आम्हांला भोपाळच्या अनुभवातून एवढेच दाखवावयाचे आहे की, दिसणे आणि डोळा सुखात असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पारपटलात मज्जातंतूंचे अत्यंत दाट जाळे असते. डोळा कोरडा पडू लागला की हेच तंतू मेंदूला वर्दी देतात आणि अश्रू पाझरतात. लॅसिकमध्ये पापुद्रा कापताना या तंतूंपैकी पुष्कळ कापले जातात. ते पुन्हा वाढतात, पण त्यास महिने लागतात. तोवर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटणे, वाऱ्यात किंवा पंख्याखाली चुरचुरणे, नजर मधूनच धूसर होणे हे प्रकार चालतात. बहुतेकांचे सहा महिन्यांपासून वर्षभरात निवळते. थोड्यांचे निवळत नाही. आणि अगदी क्वचित कोणाला तंतूंच्या बिघाडाने चिवट वेदना जडते, तिच्यावर नुसत्या थेंबांनी उतार पडत नाही.

म्हणून ज्यांचे डोळे मुळातच कोरडे आहेत, ज्यांच्या पारपटलावर जुन्या इजेचा किंवा फुलाचा डाग आहे, त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वायुकांडाच्या वेळी बालक असलेले लोक आज चाळिशीपलीकडे गेले आहेत. डोळ्यांची जुनी तक्रार त्यांनीही लपवू नये.

सर्वांत गंभीर धोका

कोरडेपणा त्रासदायक आहे, पण नजरेला खरा धोका असतो तो पारपटल दुबळे होऊन पुढे फुगण्याचा. याला एक्टेझिया म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, पातळ झालेले पारपटल आतील दाबापुढे नमू लागते व शंकूसारखे पुढे येते. मग नंबर वेगाने वाढतो आणि साध्या चष्म्याने तो सुधारत नाही. १९९८ मध्ये जर्मन डॉक्टर सायलर यांनी अशा रोग्यांकडे प्रथम लक्ष वेधले. हा प्रकार विरळा आहे, पण ज्याच्या वाट्याला येतो त्याचे आयुष्य बदलून जाते. ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब व अतिनील प्रकाश यांच्या योगे पारपटल ताठ करून ही वाढ बहुधा थांबविता येते. गेलेला आकार मात्र पूर्णपणे परत मिळत नाही.

यातला हिशेब घरातील कोणासही समजण्याजोगा आहे. पारपटलाची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाचशे ते साडेपाचशे मायक्रॉन असते. लॅसिकचा पापुद्रा सुमारे ११० मायक्रॉनचा. प्रत्येक एका नंबरासाठी लेसर सुमारे १४ मायक्रॉन थर खर्ची घालतो. आणि खाली निदान २५० मायक्रॉन शिल्लक राहिलेच पाहिजेत. पुष्कळ डॉक्टर ३०० चा आग्रह धरतात. आता समजा, एकाची जाडी ५४० आणि नंबर उणे ४ आहे. पापुद्र्याचे ११० व लेसरचे ५६ वजा जाता ३७४ उरतात, सुरक्षित. दुसऱ्याची जाडी ४८० आणि नंबर उणे ९ आहे. ११० व १२६ वजा जाता २४४ उरतात. येथे लॅसिक करणे म्हणजे भिंतीतील विटा काढून घर उभे राहील अशी आशा करणे होय. अशा वेळी ज्या डॉक्टराने "तुम्हांला जमणार नाही" असे सांगितले, त्याने गिऱ्हाईक घालविले आणि डोळा वाचविला, हे लक्षात ठेवावे.

केवळ जाडी पाहून भागत नाही. काहींचे पारपटल जन्मतःच शंकूसारखे होण्याच्या वाटेवर असते. या विकाराला केरॅटोकोनस म्हणतात, आणि प्रारंभी तो चष्म्याच्या दुकानात कळत नाही. तो असताना लेसर केला तर अनर्थ ओढवतो. आपल्या भागात याची विशेष दखल घ्यावयास हवी. नागपूरनजीकच्या खेड्यांत तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली होती; तिचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरांत दोघांहून अधिकांच्या, २.३ टक्के लोकांच्या, पारपटलाचा बाक संशय घेण्याइतका, ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त भरला. ही मोजणी साध्या यंत्राची होती, म्हणून त्या प्रत्येकाला विकार होताच असे नव्हे. पण पारपटलाचा नकाशा काढणाऱ्या यंत्रावर तपासणी झाल्याखेरीज आपल्या मुलामुलींचे डोळे लेसरखाली देऊ नयेत, एवढे त्यावरून निश्चित समजावे. ज्या मुलांना डोळे चोळण्याची सवय आहे, ज्यांचा नंबर दर वर्षी बदलतो, किंवा ज्यांच्या घरात कोणाला हा विकार आहे, त्यांच्या बाबतीत तर दुप्पट सावधगिरी हवी.

याशिवाय जंतुसंसर्ग होणे, पापुद्र्याला सुरकुती पडणे, नंबर थोडा उरणे किंवा काही वर्षांनी थोडा परत येणे हेही संभवते. लॅसिकचा पापुद्रा कधीच पूर्वीइतका घट्ट चिकटत नाही; डोळ्यावर जोराचा मार बसला तर तो वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे आहेत. कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्यांनी किंवा अंगमेहनतीच्या नोकरीस जाणाऱ्यांनी पापुद्रा नसलेल्या पद्धतीविषयी विचारावे.

कोणी थांबावे, कोणी करूच नये

अठरा वर्षांखालील मुलांनी हा विचार मनातही आणू नये. एकविशीपर्यंत थांबलेले अधिक बरे. निदान एक वर्षभर नंबर स्थिर असला पाहिजे. गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांनी थांबावे, कारण त्या काळात नंबर बदलतो. आवाक्यात नसलेला मधुमेह, संधिवातासारखे शरीराने शरीराशीच वैर धरण्याचे रोग, पारपटलावर पूर्वी उठलेली नागीण, फार कोरडे डोळे यांपैकी काही असेल तर बहुधा नकारच मिळतो, व तो मानावा. मुरुमांसाठी पोटात गोळ्या चालू असतील तर त्यांचेही नाव सांगावे, कारण त्यांतील काही डोळे कोरडे करतात. स्पर्शभिंगे म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मऊ भिंगे एक-दोन आठवडे आणि कडक भिंगे तीन-चार आठवडे आधी बंद करावीत. नाही तर पारपटलाचा आकार खोटा मोजला जातो. फार मोठा नंबर व पातळ पारपटल असलेल्यांसाठी डोळ्याच्या आत भिंग बसविण्याची वेगळी शस्त्रक्रिया आहे. तिचे धोके वेगळे असून त्यांची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

लेसरने जे जात नाही

"एकदा केले की जन्माचा चष्मा सुटला" हा समज चुकीचा आहे. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होऊन जवळचे वाचण्यास चष्मा लागतो. लेसर केलेल्यांनाही तो लागतो. उलट ज्यांचा नंबर उणे दोन-अडीच आहे, त्यांना म्हातारपणी चष्मा काढून प्रार्थनेचे पुस्तक वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो. लेसरने ही सोय जाते. चाळिशीच्या जवळ आलेल्यांनी याचा विचार अवश्य करावा.

दुसरे असे की, लेसर फक्त पुढची काच घडवितो. लांबलेला नेत्रगोल लांबच राहतो. मोठ्या उणे नंबरात दृष्टिपटल ताणलेले असते व ते फाटण्याचा किंवा सुटण्याचा संभव असतो. चष्मा गेला म्हणून तो संभव जात नाही. म्हणून बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी. डोळ्यापुढे अकस्मात वीज चमकल्यासारखे झाले, काळे ठिपके उसळले किंवा पडदा ओढल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तिसरे, पातळ झालेल्या पारपटलावर डोळ्याचा दाब आहे त्यापेक्षा कमी मोजला जातो. त्यामुळे काचबिंदू दडून राहू शकतो. आणि पुढे मोतीबिंदू झाला तर आत बसवावयाच्या भिंगाचा नंबर काढण्यात चूक होण्याचा संभव वाढतो. यावर उपाय सोपा आहे. पुढील प्रत्येक डॉक्टराला "माझे लेसर झाले आहे" हे सांगावे, आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे कागद, म्हणजे नंबर, पारपटलाचा बाक, जाडी व नकाशा, जन्मभर जपून ठेवावेत. जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर एकाच पेटीत ते ठेवले तरी चालेल.

भरती आणि विवाह

भरतीसाठी शस्त्रक्रिया करू पाहणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत. संरक्षण दलांच्या काही शाखांत लेसर केलेला उमेदवार चालतो, काहींत मुळीच चालत नाही. जेथे चालतो तेथेही शस्त्रक्रिया विशीनंतर झालेली असावी, तिला ठरलेला काळ लोटलेला असावा, पारपटल पुरेसे जाड असावे, नेत्रगोल फार लांब नसावा, अशा अटी असतात. प्रत्येक दलाचे नियम वेगळे असून ते बदलत असतात. त्या वर्षीची जाहिरात वाचल्यावाचून पैसे भरून मोकळा झालेला मुलगा वैद्यकीय तपासणीत बाद होऊ शकतो. विम्यावरही फार भिस्त ठेवू नये. आपल्या देशातील आरोग्य विम्यात साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालविण्याचा खर्च सामान्यतः वगळलेला असतो. तेव्हा हा भार घरालाच उचलावा लागतो.

विवाहाविषयी मात्र आम्हांला जरा स्पष्ट बोलावेसे वाटते. मुलीला स्वतःला चष्म्याचा कंटाळा आला असेल, तिचे वय व डोळे योग्य असतील, आणि तिने सर्व समजून होकार दिला असेल, तर त्यात गैर काही नाही. परंतु पाहुण्यांच्या एका शब्दासाठी, घाईने, लगीनसराईच्या आधी उरकून टाकावयाचे म्हणून निरोगी डोळ्यावर शस्त्र चालविणे योग्य नव्हे. चष्म्याच्या काचेवरून ज्यांचे मत फिरते, ते उद्या आणखी कशावरून फिरणार नाही, याची हमी कोण देणार? डोळा मुलीचा आहे. होकार किंवा नकारही तिचाच असला पाहिजे, आणि तो आईवडिलांनी तिला एकटीला बसवून विचारला पाहिजे.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

भोपाळला किंवा कोठेही जाल तेव्हा हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझ्या पारपटलाची जाडी किती आणि शस्त्रक्रियेनंतर किती उरेल? नकाशात शंकूची काही खूण आहे काय? माझे अश्रू पुरेसे आहेत काय? दृष्टिपटल तपासले काय? तिन्ही पद्धतींपैकी माझ्यासाठी कोणती, आणि का? नंबर उरला तर पुढे काय करणार, आणि त्याचा खर्च कोणाचा? शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार व नंतरची तपासणी कोण करणार? जो डॉक्टर या प्रश्नांची उत्तरे शांतपणे देतो, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. "आजच केले तर सवलत" असे जेथे सांगतात, तेथून उठून यावे. मन साशंक असेल तर दुसऱ्या नेत्रवैद्याचे मत घ्यावे. शहरात आता एम्स आहे, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि दुसरे मत विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

शस्त्रक्रिया झाल्यावर गावी परतण्याची घाई करू नये. दुसऱ्या दिवशीची व आठवड्यानंतरची तपासणी चुकवू नये. डोळे चोळू नयेत. विहिरीत, नदीत डुंबू नये. मळणीची धूळ, चुलीचा धूर व कडक ऊन यांपासून काही आठवडे डोळे जपावेत आणि दिलेले थेंब सांगितलेल्या वेळीच घालावेत. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर उतरली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत जावे.

आणि तपासणीअंती "तुमच्या डोळ्याला हे मानवणार नाही" असे उत्तर मिळाले, तर खट्टू होऊ नये. प्रवासाचे पैसे वाया गेले असे तर मुळीच समजू नये. चांगल्या नंबराचा चष्मा करून घ्यावा, तो स्वच्छ पुसून नाकावर ठेवावा आणि निश्चिंत मनाने आपल्या कामाला लागावे.